कोकणातील अंगणातल्या फुलझुडपांवरील किडी : ओळख आणि बंदोबस्त

कोकणातील घराभोवती जास्वंद, तगर, अनंत, कण्हेर, मोगरा, अबोली, इक्झोरा आणि क्रोटन ही झुडपे सहसा मोकळ्या, वेगळ्या आखलेल्या बागेत नसतात. ती माडाच्या झावळ्यांखाली, आंब्याच्या सावलीत, पोफळीच्या आगराच्या कडेला किंवा जांभ्याच्या गडग्याला लागून उभी असतात. त्यामुळे त्यांच्यावरील किडीचा विचार करताना केवळ त्या झुडपाकडे पाहून भागत नाही. डोक्यावर कोणते झाड आहे, शेजारी काय लावले आहे आणि हंगाम कोणता चालू आहे, हे आधी पाहावे लागते. पंप भरून औषध मारणे हे या सगळ्यांत सोपे काम आहे, आणि बहुधा म्हणूनच ते सर्वांत आधी केले जाते. या लेखात त्याची जागा मुद्दाम बरीच खाली ठेवली आहे.

हंगामाचा अंदाज

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळातच पडतो. या माऱ्याने मावा, पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडी मोठ्या प्रमाणात धुऊन जातात. म्हणून मे महिन्यात पांढरी पडलेली जास्वंद श्रावणात हिरवीगार दिसली, तर त्याचे श्रेय मे अखेरीस मारलेल्या औषधाला देण्याची घाई करू नये. पावसाळ्यात पाने खाणाऱ्या अळ्या, भुंगेरे आणि गोगलगायी यांचा जोर असतो. गणपतीनंतर उघडीप मिळाली की झुडपांना कोवळी पालवी फुटते आणि तिच्यावर मावा येतो. थंडीतील ढगाळ दिवसांत तो आणि फुलकिडे वाढतात. फेब्रुवारीपासून आगोटीपर्यंतचा, म्हणजे पावसाच्या तोंडापर्यंतचा, कोरडा, उष्ण काळ पिठ्या ढेकूण, पांढरी माशी आणि कोळी (झाडाचा रस शोषणारे सूक्ष्म जीव) यांचा असतो. आठवड्यातून एकदा नेमकी पाहणी करायची असेल, तर ती ऑक्टोबर ते मे या काळात करावी, कारण किडीचा पहिला पुंजका सापडण्याची वेळ हीच असते.

पहिली पायरी : खालून वर पाहणी

पाहणीची सुरुवात जमिनीपासून करावी. झुडपाखालच्या फरशीवर किंवा वाळलेल्या पानांवर चिकट, चकचकीत थेंब दिसत असतील, तर वर कोठेतरी रस शोषणारी कीड आहे. मिरीच्या दाण्यांएवढ्या काळपट-हिरव्या लेंड्या पडलेल्या असतील, तर मोठी अळी आहे. गळलेल्या कळ्यांचा सडा असेल, तर त्यांतील चार-पाच कळ्या उभ्या चिरून पाहाव्यात. त्यानंतर खोडावरून मुंग्यांची रांग चढते आहे का, ते बघावे आणि रांग असल्यास ती कोठे संपते ते शेवटपर्यंत शोधावे. मुंग्या जेथे थांबतात तेथे मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण बहुधा सापडतोच. मग पानांची खालची बाजू, पानांच्या बेचक्या, कोवळे शेंडे आणि कळ्यांचे देठ या क्रमाने वर जावे.

दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग असल्यास काम सोपे होते. फुलकिडे आणि कोळी नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत. त्यांच्यासाठी पांढरा कागद फांदीखाली धरून फांदीवर दोन-तीन टिचक्या माराव्यात. कागदावर पडलेले लांबट, पिवळसर किंवा तपकिरी, चपळ जीव फुलकिडे असतात. अगदी टिंबाएवढे, हळू सरकणारे आणि बोट फिरवल्यावर लालसर रेघ उमटवणारे जीव कोळी असतात. आणि एवढे झाल्यावर मान वर करून माडाकडे पाहावे. त्याचे कारण पुढे येईलच.

दुसरी पायरी : कीड आहे की दुसरे काही

पिवळे पडलेले प्रत्येक पान किडीमुळे पिवळे झालेले नसते. सिमेंटच्या कुंपणभिंतीलगत लावलेल्या इक्झोराची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तेव्हा चुना आणि सिमेंट यांमुळे तेथील मातीचा आम्लपणा कमी होऊन झाडाला लोह घेता येत नाही, अशी शक्यता अधिक असते. समुद्राकडील बाजूच्याच पानांच्या कडा करपल्या असतील, तर तो खाऱ्या वाऱ्याचा परिणाम असतो. पानांवर नारिंगी, मखमली गोल ठिपके असतील, तर ते शेवाळवर्गीय रोगाचे लक्षण आहे. या तिन्हींवर कीटकनाशकाचा काहीही उपयोग होत नाही.

कीडच आहे असे ठरल्यावर ती चावून खाणारी आहे की रस शोषणारी, एवढे तरी निश्चित करावे. छिद्रे, कुरतडलेल्या कडा आणि लेंड्या या चावणाऱ्या किडींच्या खुणा आहेत. आकसलेले शेंडे, चिकटपणा, काळा थर आणि चंदेरी किंवा पिवळे बारीक ठिपके या शोषणाऱ्या किडींच्या खुणा आहेत. हा काळा थर म्हणजे चिकट स्रावावर वाढणारी बुरशी होय. आंब्यावर तुडतुड्यांमुळे खार पडतो, तोच हा प्रकार. बुरशी पानाच्या आत शिरत नाही, पण उजेड अडवते. तिच्यावर बुरशीनाशक मारणे व्यर्थ आहे, कारण स्राव गळत राहील तोवर ती पुन्हा येत राहते.

पिठ्या ढेकूण : जास्वंदीचा मुख्य शत्रू

जास्वंदीच्या शेंड्याची पाने एकमेकांत गुंतून गुच्छासारखी झाली, कांड्या आखूड राहिल्या आणि कळ्या उमलेनाशा झाल्या, तर गुलाबी पिठ्या ढेकणाचा संशय घ्यावा. ही कीड रस शोषताना लाळेतून विषारी द्रव्य सोडते आणि त्यामुळे शेंडा असा विकृत होतो. कापसासारखा पुंजका काडीने फोडला असता आत गुलाबी अंडी दिसतात. पपईवरील पिठ्या ढेकूण हा याचा दुसरा भाऊ. तो चिरडल्यास पिवळा द्रव निघतो आणि तो जास्वंदीबरोबर चाफ्यावरही जातो. परसात पपईचे झाड असल्यास तेही त्याच दिवशी तपासावे, नाहीतर जास्वंद स्वच्छ करण्याचे श्रम वाया जातात.

या दुसऱ्या किडीची कथा फवारणीची घाई करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती भारतात 2008 मध्ये प्रथम कोइम्बतूर परिसरात आढळली आणि दक्षिणेकडील पपई, तुती व टॅपिओका यांचे तिने मोठे नुकसान केले. 2010 मध्ये पोर्तो रिकोहून तिच्यावर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या आणून सोडण्यात आल्या आणि त्यानंतर तिचा जोर झपाट्याने ओसरला. जेथे तीव्र रसायनांचा सततचा मारा होतो तेथे असे मित्रकीटक टिकत नाहीत.

अंगणातील जास्वंदीसाठी करावयाचे काम असे. गुच्छ झालेला प्रत्येक शेंडा खालच्या निरोगी कांडीपर्यंत, म्हणजे साधारण वीतभर, कापावा. कापण्यापूर्वी त्याखाली प्लॅस्टिकची पिशवी धरावी, म्हणजे पिल्ले खाली विखुरणार नाहीत. कापलेले शेंडे जाळावेत किंवा खोल पुरावेत. शेणखताच्या ढिगावर अथवा गडग्यापलीकडे टाकू नयेत. उरलेल्या फांद्यांवर नळीने पाण्याचा जोरदार झोत मारावा आणि पानांच्या बेचक्यांतील पुंजके साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या, दात घासण्याच्या जुन्या ब्रशने घासावेत. दुसऱ्या दिवशी साबणाची किंवा निंबोळी अर्काची फवारणी करावी (कृती पुढे तिसऱ्या पायरीत दिली आहे). किडीच्या अंगावरचे मेण पाणी दूर लोटते, म्हणून साबणाशिवाय केलेली फवारणी तिच्यावरून ओघळून जाते. सात ते दहा दिवसांनी पुन्हा फवारावे, कारण पहिल्या वेळी वाचलेल्या अंड्यांतून तोवर पिल्ले बाहेर येतात. तिसरी पाहणी टाळू नये.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पिठ्या ढेकणांच्या गर्दीत त्यांच्यासारखीच, पण आकाराने मोठी, अंगावर लांब पांढरे मेणाचे धागे असलेली आणि बऱ्यापैकी वेगाने चालणारी अळी दिसली, तर ती मारू नये. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी असते आणि पिठ्या ढेकूण हेच तिचे अन्न आहे. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियातील असून भारतात 1898 मध्ये आणला गेला.

माडावरून येणारी कीड

क्रोटन किंवा इक्झोरा वरून काळाकुट्ट झाला आहे, पाने चिकट आहेत, पण उलटून पाहिले तर खाली एकही कीड नाही, असा प्रकार अलीकडे किनारपट्टीवर वरचेवर दिसतो. अशा वेळी कीड झुडपावर नसून वरच्या माडावर असते. चक्राकार पांढऱ्या माशीचे दोन प्रकार आपल्याकडे आहेत. पहिला भारतात 1993 मध्ये केरळात आढळला. दुसरा, म्हणजे माडावर अधिक आढळणारा, 2016 मध्ये तमिळनाडूतील पोल्लाची भागात प्रथम नोंदला गेला आणि पुढे कोकणातही पोहोचला. माशी पानाच्या खालच्या बाजूस गोल फिरत मेणाच्या वलयांत अंडी घालते. माडाच्या झावळ्यांवरील माश्यांचा स्राव रात्रंदिवस खाली ठिबकतो आणि त्याखालच्या प्रत्येक झुडपावर काळी बुरशी वाढते. केळ, पेरू, सीताफळ आणि जास्वंद यांवर ही माशी प्रत्यक्षही वाढते.

माडावर चढून रसायन मारण्याच्या भानगडीत घरगुती बागायतदाराने पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या माशीवर जगणारी एन्कार्सिया नावाची सूक्ष्म गांधीलमाशी आपोआप पसरते आणि रासायनिक फवारणीत आधी तीच मरते. पांढऱ्या माशीची पिल्ले काळी पडलेली किंवा त्यांच्या पाठीवर गोल छिद्र असलेली दिसली, तर गांधीलमाशी कामाला लागली आहे असे समजावे. दरम्यान खालच्या झुडपांसाठी दोन उपाय पुरतात. एक, नळीने पाने दोन्ही बाजूंनी धुणे. दुसरा, पिठाची खळ फवारणे. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम मैदा किंवा तांदळाची पिठी शिजवावी, थंड करून फडक्याने गाळावी आणि कोरड्या, उन्हाच्या दिवशी पानांवर फवारावी. खळ वाळताना तिचे पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर काळा थरही निघून येतो. मिठाची पेज यासाठी वापरू नये. पिवळ्या पत्र्याला एरंडेल तेल लावून झुडपांच्या उंचीवर टांगल्यास प्रौढ माश्या चिकटतात. त्याने कीड संपत नाही, पण ती किती वाढली आहे याचा अंदाज येतो.

मावा, खवले कीड आणि मुंग्या

कण्हेरीच्या शेंड्यांवर दाटीने बसलेला गर्द पिवळा, काळ्या पायांचा मावा दिसायला भीतिदायक असतो, पण झाडाला तो फारसा जड जात नाही. पाण्याचा झोत, शेंड्यांची छाटणी आणि चार दिवसांची वाट एवढे बहुधा पुरते. माव्यांमध्ये फुगलेले, तपकिरी, न हलणारे मावे दिसू लागले तर त्यांच्या पोटात परोपजीवी वाढत असतो. त्या फांदीला औषध लावू नये.

अनंत आणि इक्झोरा यांवर पानाच्या मधल्या शिरेलगत हिरवट, चपटे, लंबगोल ठिपके ओळीने बसलेले दिसतात. ती खवले कीड होय. ती हलत नसल्यामुळे पुष्कळांना ती कीड वाटतच नाही. नखाने खरवडून पाहिल्यास ती सुटते. थोडी असेल तर ओल्या फडक्याने पुसावी, पुष्कळ असेल तर सर्वांत जास्त भरलेल्या फांद्या छाटून उरलेल्यांवर निंबोळी तेलाची फवारणी करावी.

चिकट स्राव खाण्यासाठी मुंग्या या किडींना जपतात, त्यांच्या शत्रूंना हाकलतात आणि पिल्लांना नव्या शेंड्यांवर नेऊनही ठेवतात. म्हणून मुंग्यांची वाट बंद करणे हा अर्धा उपाय आहे. खोडाभोवती चार बोटे रुंद प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावावे. ग्रीस थेट सालीवर लावू नये, साल भाजते. भिंतीला, तारेला किंवा दुसऱ्या झाडाला टेकलेल्या फांद्या आधी कापाव्यात, नाहीतर मुंग्या दुसऱ्या मार्गाने येतात. ओंबील, म्हणजे पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, ज्यांना काही भागांत हुमले म्हणतात, त्यांच्याबाबत मात्र निर्णय विचारपूर्वक घ्यावा. आंबा-काजूवर ते अळ्या आणि ढेकण्या यांना मारतात, म्हणून तेथील त्यांची घरटी राहू द्यावीत. पण जास्वंदीवर किंवा अनंतावर त्यांनी पाने शिवून घरटे केले आणि आत खवले कीड पाळली असेल, तर ती फांदी संध्याकाळी कापून दूर न्यावी.

अळ्या आणि भुंगेरे

तगर आणि कण्हेर यांची पाने एका रात्रीत नाहीशी झाली, तर ते कण्हेरीवरील मोठ्या पतंगाच्या अळीचे काम असते. ही अळी बोटाएवढी जाड आणि हिरवी असते, तिच्या डोक्यामागे निळसर डोळ्यासारखे दोन ठिपके असतात आणि कोषात जाण्यापूर्वी ती तपकिरी होते. हिरव्या पानांत ती सापडत नाही, म्हणून खालच्या लेंड्या पाहून त्यांच्या बरोबर वर शोधावे. अनंताची पाने खाणारी, शेपटीला शिंग असलेली अळीही याच कुळातली. एका झुडपावर अशा अळ्या मोजक्याच असतात. हाताने वेचणे हाच योग्य उपाय आहे. कण्हेरीचा चीक विषारी असल्यामुळे हातमोजे वापरावेत, हात साबणाने धुवावेत आणि छाटलेल्या फांद्या जाळण्याऐवजी पुराव्यात, कारण त्यांचा धूरही अपायकारक असतो.

जास्वंदीची पाने सुरळीसारखी गुंडाळून आत राहणारी हिरवट अळी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आढळते. गुंडाळलेले पान न उघडता बोटांनी दाबले की काम होते.

कामिनीवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या लहान अळ्या असतात. त्या फुलपाखराच्या आहेत आणि चार-दोन पानांच्या बदल्यात अंगणात फुलपाखरे येत असतील, तर त्या ठेवाव्यात. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेल्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही अशाच, लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढतात.

मृगाच्या पहिल्या सरींनंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि रात्री गुलाब व इतर झुडपांची पाने कुरतडतात. दिवसा झाडावर काहीच दिसत नाही. रात्री आठ-नऊच्या सुमारास विजेरी घेऊन फांद्या हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकावेत.

मोगरा, आणि डोळ्यांना न दिसणारे

मोगऱ्याच्या कळ्या जांभळट पडून गळत असतील, तर कळी चिरून पाहावी. आत काळ्या डोक्याची हिरवट अळी आणि कळीला छिद्र असेल, तर ती कळी पोखरणारी अळी. बुडाशी फुगीर झालेल्या कळीत बारीक पांढरट, पाय नसलेल्या अळ्या असतील, तर ती कळीमाशी. दोन्हींत गळलेल्या व रोगट कळ्या रोज वेचून पिशवीत बंद करून नष्ट करणे महत्त्वाचे आहे. कळीमाशीचे कोष मातीत होतात, म्हणून बहरापूर्वी झुडपाखालची माती हलकी खणून उन्हात उघडी पाडावी.

मोगऱ्याच्या पानांवर आणि कळ्यांवर पांढरी लोकर उगवल्यासारखे दिसते, ते पिठ्या ढेकूण नव्हेत आणि बुरशीही नव्हे. ते अतिसूक्ष्म कोळ्यांमुळे होते. कोळी हे कीटक नव्हेत, त्यामुळे नेहमीच्या कीटकनाशकांनी ते मरत नाहीत. उलट त्यांचे शत्रू मेल्याने ते वाढतात. रोगट भाग कापावेत आणि पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक एक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात फवारावे. भर उन्हात किंवा तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे गंधक वापरू नये, पाने करपतात.

तिसरी पायरी : घरगुती फवारण्या

साबणाच्या फवारणीसाठी एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम साधा मऊ साबण विरघळवावा. ती ओली असेपर्यंतच आणि किडीच्या अंगावर पडली तरच काम करते, म्हणून पानांची खालची बाजू भिजली पाहिजे. निंबोळी तेल 5 मिली आणि साबण 1 ते 2 ग्रॅम आधी थोड्या कोमट पाण्यात घोटून मग एक लिटर करावे आणि त्याच दिवशी संपवावे. निंबोळी अर्कासाठी 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांचा गर कुटून रात्रभर पाण्यात भिजवावा, सकाळी गाळून एक लिटर करावे आणि चिमूटभर साबण घालावा. कडुनिंब देशावर जितका मुबलक तितका कोकणात नाही, म्हणून बहुतेकांना तयार तेलच घ्यावे लागते.

कोणतीही नवी फवारणी आधी दोन-तीन पानांवर करून दोन दिवस थांबावे. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी आणि पुढे किमान सहा तास पाऊस नसावा. एप्रिल-मे महिन्यांत खाडीकाठच्या ज्या विहिरी मचूळ होतात, त्यांचे पाणी फवारणीस घेऊ नये.

दमट हवा एरवी त्रासाची असली, तरी एका बाबतीत ती आपल्या बाजूची आहे. व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडींवर वाढणारी बुरशी ओलाव्यात चांगली काम करते. पावसाच्या उघडिपीत किंवा ऑक्टोबरच्या दमट संध्याकाळी एक लिटरला 5 ग्रॅम प्रमाणे ती खवले कीड आणि पिठ्या ढेकूण यांवर फवारावी. तिच्या आगेमागे बुरशीनाशक वापरू नये.

चौथी पायरी : रासायनिक औषध

अंगणातील फुले देवाला वाहिली जातात, गजऱ्यात माळली जातात, तेलात घातली जातात. जास्वंदीच्या मधावर शिंजीर आणि मधमाश्या येतात. झाडाच्या रसात भिनणारी औषधे मधातही उतरू शकतात, म्हणून फुलत्या झुडपांवर ती वापरू नयेत. वरील उपाय दोन-तीनदा काटेकोरपणे करूनही झाड मरणपंथाला लागले असेल, तरच या मार्गाचा विचार करावा, आणि तोही दुकानदाराच्या नव्हे, तर कृषी विभागाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडेही विचारणा करता येते. नमुना नेताना कीड असलेली फांदी कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून बंद पिशवीत न्यावी, म्हणजे वाटेत कीड पसरत नाही. डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा : लाल सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. घरगुती बागेत लाल आणि पिवळ्या त्रिकोणाला स्थान नाही.

नवी रोपे आणि फांद्या

कीड एका अंगणातून दुसऱ्या अंगणात बहुतेक वेळा माणसाच्या हातून जाते. पहिल्या पावसात जास्वंदीच्या, तगरीच्या आणि क्रोटनच्या फांद्यांची शेजारीपाजारी देवाणघेवाण होते, आणि मे महिन्यातील पिठ्या ढेकूण त्यांच्या बेचक्यांत बसून येतात. आणलेल्या फांदीची सर्व पाने काढून ती साबणाच्या पाण्यात बुडवावी, डोळे ब्रशने हलके घासावेत, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि मगच लावावी. रोपवाटिकेतील कुंडी असल्यास ती इतर झाडांपासून दूर, शक्यतो घराच्या दुसऱ्या बाजूला, तीन आठवडे ठेवावी. कुंडीच्या तळाचे भोक आणि काठाची आतली बाजूही पाहावी, कारण मुंग्या आणि गोगलगायींची अंडी तेथेच सापडतात.